दुर्धराची लेक

एका राज्यात संध्याकाळ झाली की आया आपल्या मुलांच्या तोंडाकडे बघायला भीत. दिवसभर मूल बोबडे बोले, भिंत धरून चाले, आईला आई म्हणे. पण सूर्य पश्चिमेच्या डोंगराला टेकला की त्याच्या कपाळातून केसाएवढी बारीक, पांढऱ्या उजेडाची तार निघे आणि डोंगराकडे ओढली जाई. तार तुटली की मूल आईकडे परक्यासारखे बघू लागे. चालणारे पुन्हा रांगे, बोलणारे पुन्हा मुके होई. सकाळी आई पहिल्यापासून सुरुवात करी. हे पाणी, हा काऊ, ही मी. आणि सूर्य मावळला की ते सारे डोंगर घेऊन जाई. ज्यांचे दुधाचे दात पडले नव्हते, अशा एकाही मुलाची यातून सुटका नव्हती.

हा शाप त्या राज्यावर कसा आला, ते ऐका.

राजा भानुकीर्ती तरुण होता तेव्हा पश्चिमेच्या डोंगरात दुर्धर नावाचा मांत्रिक राहत असे. त्याने डोळे रोखले की उभे पीक जळे. तो रागावला की विहिरी उकळत. कोणाचीही आज्ञा त्याला सहन होत नसे, देवाचीही नाही. राजाने त्याच्यावर चाल केली. फार माणसे कामी आली. शेवटी दुर्धर आपल्या गुहेत मागे हटला आणि राजा माघारी फिरला.

परतीच्या वाटेवर सावरीच्या एका झाडाखाली, गळून पडलेल्या कापसात, सैनिकांना एक तान्ही मुलगी दिसली. तिची आई शेजारीच मरून पडली होती. मुलगी रडत होती, आणि तिच्या रडण्याच्या धगीने भोवतालचे गवत करपत चालले होते. ती कोणाची, हे कोणाला विचारावे लागले नाही.

प्रधान म्हणाला, "महाराज, हे दुर्धराचे रक्त आहे. येथेच संपवावे."

राजाने तलवार उपसली, मुलीकडे पाहिले आणि तलवार पुन्हा म्यान केली. शेल्यात गुंडाळून त्याने तिला राजवाड्यात आणले. तेथे राणी चारुमती नुकतीच बाळंत झाली होती. राजपुत्र सुकेतू तिच्या एका अंगाला निजला होता. राणीने काही विचारले नाही. तिने मुलीला दुसऱ्या अंगाला घेतले.

"हिला भूक लागली आहे," एवढेच ती म्हणाली.

सावरीखाली सापडली म्हणून मुलीचे नाव शाल्मली ठेवले. ती कोठून आली, हे तिच्या कानावर घालायचे नाही, अशी राजाने सर्वांना ताकीद दिली.

दोन्ही मुले एका दुधावर, एका अंगणात, एकाच गुरूपाशी वाढली. तरी ती एकमेकांसारखी झाली नाहीत. सुकेतू भित्रा आणि मऊ होता. घोड्याला चाबूक मारला तर डोळे मिटून घेई. मेलेले फुलपाखरू दिसले तर जेवत नसे. शाल्मलीला भीती ठाऊक नव्हती. कोणी "असे कर" म्हटले की ती नेमके तसे करीत नसे. तिला राग आला की समयांच्या ज्योती हातभर वर चढत आणि पडदे धुमसू लागत. दासी पळून जात. राणी पळत नसे. ती मुलीला मारीत नसे, समजावीतही नसे. ती तिच्याजवळ येऊन बसे आणि ज्योती खाली येईपर्यंत बसून राही. मग विचारी, "आता सांग, काय झाले?" एकदा त्या धगीने राणीचा हात कोपरापर्यंत भाजला. त्या दिवशीही ती उठून गेली नाही.

अशी वर्षे गेली. मुले मोठी झाली. मग एके दिवशी राजाच्या हातून चूक झाली.

दरबारात परराज्यांचे राजे आले होते. प्रत्येक जण आपापल्या कुळाची थोरवी सांगत होता. भानुकीर्तीला ते ऐकवेना. तो सिंहासनावरून उठला आणि म्हणाला, "कुळाचे काय सांगता? ही पाहा माझी कन्या. ही दुर्धर मांत्रिकाची पोर आहे. मी हिला मातीच्या गोळ्यासारखी उचलली आणि मला हवी तशी घडवली. रक्त काही करीत नाही. करतो तो घडवणारा."

शाल्मली राणीच्या शेजारी बसली होती. तिने राणीकडे पाहिले. राणीने नजर चुकवली नाही, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. शाल्मलीला कळले, की हे खरे आहे.

इतक्यात पश्चिमेच्या दरवाजाने वारा आत शिरला आणि त्या वाऱ्यात दुर्धराचा आवाज होता.

"भानुकीर्ते, तू घडवलेस? मग आजपासून तुझ्या राज्यातले सारे घडवणे माझे. तुम्ही दिवसभर शिकवा, मी संध्याकाळी घेऊन जाईन. रक्ताखेरीज तुमच्या मुलांजवळ काही उरणार नाही. मग बघू, कोण काय करतो."

त्या संध्याकाळी पहिल्या तारा डोंगराकडे ओढल्या गेल्या.

राजाने वैद्य आणले, होम केले, सैन्य पाठवले. सैन्य आगीच्या नदीपाशी थांबले आणि परत आले. मग लोक राजवाड्यापुढे जमले. कडेवर मुले घेतलेल्या बाया पुढे होत्या. त्यातली एक ओरडली, "त्याची पोर त्याला परत द्या! आमची आम्हाला मिळतील!" राजा खाली मान घालून बसला.

शाल्मली सज्जात येऊन उभी राहिली.

"मी जाते," ती म्हणाली.

राणीने विचारले, "परत यायला जातेस, की राहायला?"

"ते मला ठाऊक नाही, मातोश्री. माझ्यात काय आहे, तेच मला आता ठाऊक नाही."

सुकेतू पुढे झाला. "मीही येतो."

"दादा, तुला भीती वाटते."

"वाटते. तरी येतो."

दोघे पश्चिमेच्या वाटेला लागले. डोंगराच्या पायथ्याशी एका सुकलेल्या आंब्यावर एक कोकीळ बसला होता. तो माणसाच्या वाणीने बोलला.

"दुर्धराच्या लेकी, पुढे तीन दारे आहेत. पहिले रक्ताने उघडते. दुसरे रक्ताने उघडत नाही. तिसऱ्याचे कोणालाच ठाऊक नाही, कारण तेथून कोणी परत आलेले नाही."

शाल्मलीने विचारले, "पक्षिराज, तुम्ही हे कसे जाणता?"

"मी कावळीच्या घरट्यात वाढलो. तिने मला तिचीच भाषा शिकवली. पण वसंत आला आणि माझ्या गळ्यातून जे निघाले, ते मला कोणी शिकवले नव्हते. तेव्हा कावळीने मला हाकलले. म्हणून रक्त काय असते, ते मी जाणतो."

"मग शिकवणे वाया गेले म्हणायचे?"

कोकिळाने पंख झाडले. "संध्याकाळी थवे परतू लागले की मी अजून तिच्या झाडाकडे वळतो," तो म्हणाला. "हे मला कोणी विचारले नव्हते. तू विचारलेस म्हणून सांगितले." आणि तो उडून गेला.

पहिले दार म्हणजे आगीची नदी. तिला पाणी नव्हते. काठापासून काठापर्यंत ज्वाळाच वाहत होत्या. सुकेतू मागे सरला. शाल्मलीने एक पाऊल पुढे टाकले. ज्वाळांनी तिच्या पायाला हुंगले, कुत्रे धन्याला हुंगते तसे. तिला राग आला. अडवणाऱ्या या आगीचा, दरबाराचा, राजाच्या त्या शब्दांचा. मोठी झाल्यापासून पहिल्यांदा तिने तो राग आवरला नाही. ती ओरडली, "बाजूला व्हा!" आणि ज्वाळा दुभंगल्या. तिने सुकेतूला पाठीवर घेतले आणि मधल्या काळ्या वाटेने ती पलीकडे गेली.

पलीकडे पोहोचल्यावर ती खाली बसली. ती आपले तळवे उलटसुलट करून पाहत होती.

सुकेतूने विचारले, "भाजले का?"

"नाही. दादा, मला फार बरे वाटले. इतके बरे मला कधी वाटले नव्हते. त्याचेच भय वाटते."

दुसऱ्या दाराशी एक बाई बसली होती. ती दगडाची होती, पण डोळे जिवंत होते. तिचे केस मात्र खरे होते. ते दारावर, खडकांवर, काटेरी झुडपांवर पसरले होते आणि त्यांचा असा गुंता झाला होता, की दार दिसतच नव्हते.

"माझे केस सोडवून दे," ती म्हणाली. "एक केस तुटला, तर तुम्हा दोघांची शिळा होईल. तुझ्या आगीने जाळू पाहशील, तरी होईल. आणि हे काम तुझेच. राजपुत्राने हात लावायचा नाही."

शाल्मली बसली. सकाळचे ऊन चढले, माध्यान्ह झाली. एक गाठ सुटे तो दुसरी पुढे येई. काटे बोटांत रुतत होते. तिच्या छातीत राग उसळे, हाताला कढ येई आणि केसांची टोके आखडू लागत. मग ती हात मागे घेई. त्या रागाला ती दटावीत नसे, हाकलीतही नसे. त्याच्या शेजारी ती नुसती बसून राही. राग ओसरला की पुन्हा गाठ हातात घेई. सुकेतू ओंजळीने तिला पाणी पाजत होता.

उन्हे कलली, तेव्हा शेवटची बट मोकळी झाली. केस पाण्यासारखे खाली आले आणि मागे दार दिसले.

दगडाची बाई म्हणाली, "जन्माने तुझ्या हातात हे नव्हते."

"नव्हते."

"कोणी दिले?"

शाल्मलीने मागे वळून राज्याच्या दिशेने पाहिले. बाईने दार उघडले.

आत दुर्धराची गुहा होती, तेच तिसरे दार. गुहेत मोत्यांचे ढीग होते, माणसाच्या उंचीचे. बाहेर सूर्य मावळत होता, आणि छताच्या फटीतून पांढऱ्या तारा आत येत होत्या. जमिनीला टेकताच प्रत्येक तारेचा मोती होई. कान देऊन ऐकले तर मोत्यांतून आवाज येत. हे पाणी. हा काऊ. ही मी.

ढिगांच्या मधोमध दुर्धर बसला होता. तो म्हातारा झाला होता. त्याचे डोळे थेट शाल्मलीसारखे होते.

"आलीस," तो म्हणाला. "आग तुला ओळखून होती ना?"

"होती. ही मुलांची ओळख परत द्या."

"एकेका मोत्यात एकेका आईचा दिवस आहे. मला कोणी वाढवले नाही, मुली. मी खडकात जन्मलो आणि खडकात वाढलो. लोक म्हणतात, वाढवण्याने माणूस होतो. म्हणून मी हे सारे गोळा केले. रोज एक मोती जिभेवर ठेवून पाहतो. कशालाही चव नाही. मग मी ठरवले, की हे सारे थोतांड आहे. खरे असते ते रक्त." तो उठला. "पैज लाव. राणीने तुझ्यात जे भरले, ते मी काढून घेतो. या राजपुत्राचेही घेतो. बोलणे तेवढे ठेवतो, कारण मला तुझे उत्तर ऐकायचे आहे. मग तुला वाटेल ते कर. माझ्याकडे आलीस, तर तू आणि हे मोती माझे. नाही आलीस, तर सारे परत."

सुकेतूने शाल्मलीचा हात धरला. "कबूल कर," तो म्हणाला. "मी आहे."

"कबूल," शाल्मली म्हणाली.

दुर्धराने दोघांच्या कपाळाला बोट लावले. दोन मोठे मोती निघून त्याच्या तळहातावर पडले, आणि दोघांचे हात एकमेकांच्या हातांतून सुटले.

आता ती दोघे एकमेकांना ओळखीत नव्हती. राजपुत्र भिंतीशी जाऊन अंग चोरून बसला आणि रडू लागला. शाल्मली गुहेच्या मधोमध उभी राहिली. तिच्या आत काही उरले नव्हते, एक आग सोडून. ती आग तिच्या तळहातांवर उतरली आणि जळू लागली.

दुर्धर आनंदाने म्हणाला, "पाहा! ही माझी. मुली, मी तुझा पिता. हा रडणारा शत्रूचा मुलगा आहे. जाळ त्याला आणि माझ्याकडे ये."

त्या रडण्याचा तिला संताप येत होता. ती राजपुत्राजवळ गेली आणि तिने हात उगारला. तो पळाला नाही. त्याला पळायचे सुचले नाही. त्याने वर पाहिले, जळणाऱ्या तळहाताकडे पाहिले, आणि भीतीने कापत म्हणाला, "तुझा हात भाजेल."

शाल्मलीने हात तसाच ठेवला. मग ती वळली.

"पिता म्हणजे काय?" तिने विचारले.

"ज्याचे रक्त तुझ्यात आहे, तो," दुर्धर म्हणाला.

"रक्त मला दिसत नाही. मला तू दिसतोस. मी तुला ओळखत नाही, यालाही ओळखत नाही. हा भ्यालेला आहे आणि तरी माझ्या हाताचे बघतो. तू मला आत्ता भेटलास आणि भेटताच आज्ञा केलीस. मी कोणाची आज्ञा मानीत नाही."

दुर्धर मागे सरला. हे बोलणे त्याचे स्वतःचे होते. आयुष्यभर तो हेच सर्वांना सांगत आला होता, आणि आज ते त्याच्याच लेकीच्या तोंडून त्याला ऐकावे लागत होते.

शाल्मली राजपुत्राशेजारी जमिनीवर बसली. तिने तळवे जमिनीला टेकले आणि आग विझू दिली. ती असे का बसली, हे तिचे तिलाही सांगता आले नसते. तिच्या मनात कोणाची आठवण नव्हती. पण त्याचे रडे थांबेपर्यंत ती तेथून उठली नाही.

पैज संपली. ढीग हलू लागले. मोती पुन्हा तारा होऊन वर उठू लागले. "थांबा!" दुर्धर ओरडला आणि त्याने दोन्ही हातांनी मोती कवटाळले. ते त्याला सोडवत नव्हते. दिलेला शब्द मोडून त्याने ते धरून ठेवले, आणि ज्या शापाने त्याने मुलांना रिते केले होते, तोच शाप त्याच्यावर उलटला. मंत्र गेले, नाव गेले, वैर गेले. तारा फटीतून बाहेर निघून गेल्या, तेव्हा गुहेत एक म्हातारा बसला होता आणि आपल्या हाताच्या बोटांकडे नवलाने बघत होता.

शाल्मलीला आणि सुकेतूला एकाच वेळी सारे आठवले. दोघांनी म्हाताऱ्याकडे पाहिले. मग सुकेतू म्हणाला, "याला येथे ठेवले, तर हा उपाशी मरेल." दोघांनी दुर्धराला दोन्ही हातांना धरून डोंगराखाली आणले. वाटेत आगीच्या नदीच्या जागी कोरडी वाळू होती.

राज्यात घरोघरी दिवे लागले होते. मुले पुन्हा आईला आई म्हणत होती. आठवण परतलेली मुले सुचेल ते बोलत होती आणि कोणीही त्यांना गप्प बस म्हणत नव्हते.

राजा भानुकीर्ती वेशीपर्यंत पायी आला. सर्वांसमोर तो शाल्मलीला म्हणाला, "मी तुला घडवली, असे म्हणालो. ते खोटे होते. मला क्षमा कर."

शाल्मलीने त्याला नमस्कार केला. मग ती राणीपुढे जाऊन उभी राहिली. "मातोश्री, मग मला कोणी घडवले? तुम्ही, की दुर्धराने?"

राणी म्हणाली, "मला ठाऊक नाही, बाळ. तुझ्यात काय आहे, हे मला कधीच पुरते कळले नाही. मी फक्त रोज तुझ्याकडे पाहत राहिले."

प्रधानाने दुर्धराकडे बोट दाखवले. "महाराज, याला सुळावर द्यावे."

म्हातारा त्या बोटाकडे बघून हसला. त्याला आपल्याविषयीच बोलणे चालले आहे, हेही उमजत नव्हते.

"कोणाला सुळावर द्यायचे?" राणीने विचारले. "ज्याने अपराध केला, तो याच्यात उरला नाही."

"मग याचे करावे काय?"

"याला अजून कोणी वाढवलेले नाही," राणी म्हणाली, आणि तिने भाकरीचा तुकडा दुधात बुडवून त्याच्या तोंडाशी नेला. त्याने कधी कोणाच्या हातून खाल्ले नव्हते. तोंड उघडायचे असते, हे त्याला उमजायला वेळ लागला.

तो पुढे काही वर्षे जगला. पाणी म्हणायला शिकला, शेला गुंडाळायला शिकला. त्याची आग जन्माची होती. ती गेली नाही. कोणी चढ्या आवाजात बोलले की त्याचे डोळे पूर्वीसारखेच पेटत, आणि पहारेकरी भाल्यांना हात घालीत. एकदा अंगणात खेळणाऱ्या एका मुलीचा पाय लागून त्याचा दुधाचा वाडगा लवंडला. त्याच्या डोळ्यांत जाळ उठला. अंगणातले सारे जागच्या जागी थिजले. शाल्मली पायरीवर बसली होती. ती उठली नाही, बोलली नाही, फक्त बघत राहिली. म्हातारा बराच वेळ तसाच बसला, मुठी आवळून. मग तो हळूच वाकला, त्याने वाडगा सरळ केला, आणि हे बरोबर झाले का, ते पाहण्यासाठी लेकीकडे वळून बघितले.